२९ वर्षांनी बाईंना पत्र लिहायचंय. त्यांना मी आठवतच नसेन तर?

शिसपेन्सिल:

नमस्कार. गेले दहा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी केलेले हिशेब तपासणं हे गेली काही वर्षं माझं मुख्य काम. दहा दिवसांपूर्वी हाताखालच्या एका नव्या मुलाची पानं माझ्याकडे आली. एका बीमचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे भारामुळे बीमला वाकवणारा जोर, काढला होता. बीम दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला, म्हणजे भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ८. याने भागिले १२ केलं होतं. ते टोकं घट्ट जखडलेल्या बीमचं सूत्र. पुढची अडीच पानं त्या एका आकड्यावर उभी, त्यामुळे सगळीच चुकलेली. मी खूण करून पानं परत दिली. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही चुकीवर कधी फुली मारत नाही. हा बारीक ठिपका का देता?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही सवय माझी नाहीच. ती बाईंची आहे.

बाई आम्हाला आठवीपासून बीजगणित शिकवायच्या. तोवर माझ्या गणिताच्या वह्या म्हणजे पानभर तिरक्या लाल रेघा. वही हातात पडली की फुली दिसेपर्यंत पानं उलटायची आणि दिसली की मिटून दप्तरात टाकायची, एवढंच मला माहीत. बाईंनी तपासलेलं पहिलं गणित मला अजून तसंच्या तसं दिसतं. नऊ ओळींचं समीकरण, उत्तर साफ चुकलेलं, आणि पानावर लाल काहीच नाही. चौथ्या ओळीच्या डावीकडे, समासात, शिसपेन्सिलीचा एक ठिपका. मला वाटलं चुकून लागला असेल. वही घेऊन टेबलापाशी गेले. बाईंनी ठिपक्यावर नख टेकवलं.

"इथपर्यंत बरोबर आहेस. इथे काय झालं ते आता तू मला सांग."

कंसाबाहेर उणे होतं. कंस सोडवताना मी आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदललं होतं आणि दुसऱ्याचं तसंच ठेवलं होतं. मला ते दिसायला बराच वेळ लागला. माझ्यामागे वह्या घेतलेल्या मुलांची रांग होती, तरी बाई तेवढा वेळ काही न बोलता थांबल्या. मला दिसलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलाची वही घेतली.

"बरोबर आहे" नाही म्हणाल्या त्या. "बरोबर आहेस" म्हणाल्या. मी गणितात बरोबर असू शकते, चार ओळींपुरती का होईना, हे त्याआधी मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू. दहावीत बाई आम्हा तिघींना शाळा सुटल्यावर तासभर थांबवून शिकवायच्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पैशासाठी तर नव्हेच. वर्षाच्या मध्यावर घरच्यांनी मला खासगी क्लासला घातलं. क्लासची वेळ नेमकी तीच. मी बाईंना सांगितलं नाही. सांगायचं कसं तेच कळेना, म्हणून शाळा सुटली की मागच्या जिन्याने निघून जायचे. पहिल्याच आठवड्यात एकदा जाता जाता खिडकीतून वर्गात नजर गेली. बाकी दोघी बसल्या होत्या. फळ्यावर गणित लिहून तयार होतं. आणि बाई खडू हातात धरून दाराकडे बघत उभ्या होत्या. कुणाची वाट बघतायत ते मला कळलं. मी तशीच पुढे गेले.

नंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही. निकालाच्या दिवशी सगळ्या मुली त्यांना भेटल्या, मी गर्दीत मागे राहिले. गणितात मला गुणही काही फार पडले नव्हते. म्हणजे त्यांच्या कष्टांचं फळ कागदावर तरी दिसलं नाही.

बाई आता ऐंशीच्या आसपास असतील. वर्गातल्या एका मैत्रिणीकडून पत्ता मिळालाय. चार वेळा पत्र लिहायला बसले, चार वेळा उठले. माझे प्रश्न असे:

इतक्या वर्षांनी एका ठिपक्यासाठी पत्र लिहिणं त्यांना विचित्र वाटेल का? त्यांना मी आठवतच नसेन तर? आणि आभार मानायचे की माफी मागायची? दोन्ही एकाच पत्रात घातलं, तर आभार म्हणजे माफीसाठी केलेली प्रस्तावना वाटेल अशी भीती वाटते.

वळणवाट:

लिहा. पाचव्यांदा बसा आणि उठू नका.

मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे तुमची पहिली शंका मला ओळखीची आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज आधी नोंदवून घेतला, आणि मग पत्र मिळालेल्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांचे अंदाज एकाच दिशेने चुकले होते. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं, तेवढं ते झालं नाही. आनंद मात्र त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त झाला. लिहिणारा आपले शब्द नीट जमतायत ना या काळजीत असतो. वाचणारा शब्द मोजत बसत नाही, त्याच्यापर्यंत माया पोचते.

आणि गुणांचं म्हणाल, तर अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन यांचा अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवरचा अभ्यास आहे, तोही २०१८ सालीच छापून आला. शिक्षकाचा प्रभाव त्यांनी दोन तऱ्हांनी मोजला. एक परीक्षेच्या गुणांवरचा, आणि दुसरा मुलाच्या वागण्यावरचा: हजेरी किती, शाळेने काही दिवस निलंबित केलं का, पुढच्या वर्गात वेळेवर गेला का. शालेय शिक्षण कोण पूर्ण करतं याचा अंदाज या दुसऱ्या मापाने अधिक चांगला येत होता. आणि जे शिक्षक गुण वाढवत, तेच वागण्यावर परिणाम करत असं नव्हतं. तुमचा ठिपका या दुसऱ्या खात्यातला. गुणपत्रिकेत तो दिसणारच नव्हता.

फळा पुसून झाल्यावर:

शिसपेन्सिल ताई, मी ३३ वर्षं शिकवलं. भाषा शिकवली, गणित नव्हे, पण रिकाम्या बाकाकडे बघत मीही उभा राहिलो आहे. म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो.

तुम्ही आठवत नसाल तर? बहुधा नसालच, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दरवर्षी शे-दीडशे मुलं हाताखालून जायची. तीस-पस्तीस वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा. चेहरे राहतात, पण लहानपणीचे. समोर चाळिशीतला माणूस उभा राहतो आणि हसत विचारतो, "सर, ओळखलंत का मला?" त्या एका क्षणाची मला फार धास्ती असते. ओळखलं नाही म्हणावं तर त्याचा चेहरा पडतो. ओळखलं म्हणावं तर खोटं. तेव्हा पत्रात ही परीक्षा घेऊ नका. पहिल्या दोन ओळींत सगळं सांगून टाका: हजेरीपटावर होतं ते नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट, कुठल्या साली कुठल्या तुकडीत होता, कुठल्या बाकावर बसायचा, शेजारी कोण. त्या वेळचा वर्गाचा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा आणि आपल्या चेहऱ्याभोवती गोल करा. अक्षर मोठं काढा, काळ्या शाईने, कागदाच्या एकाच बाजूला. ऐंशीच्या घरातल्या डोळ्यांना पाठच्या बाजूची शाई त्रास देते.

आता ठिपक्याबद्दल. माझ्याकडे मुलांची सात पत्रं आहेत. त्यांतल्या पाचांत "तुम्ही फार छान शिकवायचात, तुमच्यामुळे घडलो" असं आहे. मी त्या मुलांचा ऋणी आहे, त्यांनी वेळ काढून लिहिलं. पण त्या ओळी कुठल्याही शिक्षकाच्या नावे येऊ शकल्या असत्या. उरलेल्या दोनांपैकी एका पत्रात एका मुलाने लिहिलंय की निबंध वाचून दाखवताना तो अडखळला, वर्ग हसायला लागला, तेव्हा मी उठून खिडकी लावायला गेलो आणि म्हणालो, "रस्त्यावरचा आवाज फार येतोय, पहिल्यापासून वाच रे." तो सांगतो की रस्त्यावर आवाज नव्हता आणि हे त्याला तेव्हाही कळलं होतं. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पण ते पत्र वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी वर्गात नक्की काय केलं. आम्ही शिकवतो एक आणि मूल उचलतं भलतंच. काय उचललं ते तुम्ही येऊन सांगितल्याशिवाय आम्हाला कळायला दुसरी वाट नाही. तेव्हा ठिपका लहान आहे म्हणून संकोचू नका. चौथी ओळ, नख, मागची रांग, सगळं लिहा. बीमचंही लिहा.

राहिली माफी. खरं सांगतो, मूल न सांगता यायचं थांबलं की लागतं. दोन-तीन दिवस वाट बघतो. मग वाटतं, आपल्याच शिकवण्यात काही कमी पडलं का? त्या मुलाला विचारावंसं वाटतं, पण विचारलं तर ते आणखी शरमेल म्हणून गप्प बसतो. तुमच्या बाई बोलल्या नाहीत, ते बहुतेक याचमुळे. रागावल्या असत्या तर बोलल्या असत्या. माफी जरूर मागा, पण दोन ओळींत, पत्राच्या मध्यावर. शेवटी ठेवलीत तर पत्र मिटल्यावर तीच हातात राहील.

खर्जातला:

मी वेगळं बोलणार आहे, पण तुमच्या विरोधात नाही.

सातवीत एका शिक्षकांनी मला समूहगीतातून बाजूला काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू नुसतं तोंड हलव." मी आज ५१ वर्षांचा आहे. माझ्या मुलीला झोपवताना मी कधी गायलो नाही. गोष्टी सांगितल्या. शिक्षकाचा परिणाम आयुष्यभर टिकतो असं कुणी म्हणालं की मला आधी ते आठवतं.

तरीही लिहितोय, कारण तुमचं "बरोबर आहेस" वाचून उठून दोन फेऱ्या मारून आलो. एक वाक्य इकडचं, एक तिकडचं. दोघांनाही बोलायला तेवढाच वेळ लागला असेल. ज्यांनी इकडचं वाक्य निवडलं त्यांना ते कळायलाच हवं. लिहा.

रात्रपाळीचा वाचक:

"एका ठिपक्यासाठी पत्र" यावर दोन माणसं आठवली.

पहिला आल्बेर काम्यू. बाप पहिल्या महायुद्धात गेला तेव्हा हा वर्षाचाही नव्हता. आई निरक्षर, ऐकू कमी येणारी, दुसऱ्यांची धुणीभांडी करणारी. घर आजीच्या हुकमावर चालायचं आणि प्राथमिक शाळा संपली की मुलाने कमवायला लागावं, असं आजीचं मत. अल्जीयर्समधल्या त्या शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ घरी गेले, आजीची समजूत घातली, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुलाची फुकट तयारी करून घेतली. १९५७ साली काम्यूला नोबेल मिळालं. गदारोळ थोडा ओसरू दिला आणि १९ नोव्हेंबरला त्याने जेर्मँना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात आहे. पत्र जेमतेम पानभराचं. स्टॉकहोमची भाषणं पुस्तकरूपाने आली तीही त्याने जेर्मँनाच अर्पण केली. १९५९ साली जेर्मँनी त्याला एक मोठं पत्र लिहिलं. त्यात नोबेलवाल्या लेखकाला ते अजून लहान पोरासारखंच हाक मारतात. पुढच्याच जानेवारीत काम्यू मोटार अपघातात गेला, ४६ वर्षांचा होता. शिक्षक मागे राहिले. आपण नेहमी धरून चालतो की घाई शिक्षकाच्या वयामुळे करायची. तसंच काही नसतं.

दुसरे बाबासाहेब. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. १९५२ साली त्याच विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली, ५ जूनला. ते त्यासाठी निघाले तेव्हा ड्यूईंना भेटायची ओढ मनात होती. ड्यूई १ जूनला वारले. ही हुरहूर बाबासाहेबांनी माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि आपलं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे असंही त्यात आहे. ते वाक्य पत्नीला मिळालं. ज्यांना मिळायचं होतं त्यांना चार दिवस कमी पडले.

तुमच्याकडे पत्ता आहे.

शिसपेन्सिल:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. खर्जातला, तुमचं वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या शिक्षकांच्या वतीने मी काही बोलू शकत नाही, पण तुम्ही ते इथे लिहिलंत याबद्दल आभार.

काय झालं ते सांगते. गुरुजींनी सांगितलं तसंच केलं. मोठं अक्षर, काळी शाई, एका बाजूला. लग्नाआधीचं नाव, तुकडी, तिसरा बाक भिंतीकडचा. फोटोची प्रत, चेहऱ्याभोवती गोल. ठिपक्याचं अख्खं लिहिलं, भागिले ८ आणि भागिले १२ सकट. आमच्या टीममधली सहा माणसं आता फुली न मारता ठिपका देतात, हेही लिहिलं. मध्यावर दोन ओळी जिन्याच्या. त्या दोन ओळी लिहायला बाकीच्या तीन पानांपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी जे उतरलं ते एवढंच: "बाई, मी तुम्हाला खिडकीतून बघितलं होतं. तुम्ही वाट बघत होतात हे मला कळलं होतं, आणि तरी मी गेले. मला माफ करा."

नवव्या दिवशी फोन आला. आवाज बारीक झालाय, पण थांबून थांबून बोलण्याची पद्धत तीच. मी आठवत नव्हते. फोटोवरूनही नाही. त्यांनी ते सरळ सांगितलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय. ठिपका मात्र आठवत होता. म्हणाल्या, लाल शाईने तपासायला लागलं की पोरं वही मिटतात, आणि मिटलेल्या वहीला शिकवता येत नाही, म्हणून सुरू केलं. वर्षानुवर्षं दिला. कुणी कधी काही बोललं नाही, तेव्हा त्यांना वाटायचं की मुलांच्या ते लक्षातच येत नसावं.

मी म्हटलं, "बाई, ते जिन्याचं..."

"वाचलं गं," म्हणाल्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्या क्लासात नीट शिकवायचे ना तुला?"

मी हो म्हटलं. खरं उत्तर नाही असं होतं. तिथे कुणी माझी वहीच बघत नसे. पण मी हो म्हटलं, आणि आता वाटतंय की तेही खरंच सांगायला हवं होतं. भेटल्यावर सांगेन.

रविवारी जातेय. येताना आमच्या ऑफिसातल्या हिशेबाचं एखादं पान घेऊन ये म्हणाल्यात. मी अजून न तपासलेलं.